आयडीमागचा मित्र गेला, तर दारावर कुठं जायचं?

खानदेशात माणूस गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, अंत्ययात्रा राहत्या घरून अमुक वाजता निघेल. मग सांत्वनाला दारावर जाणं, दहावं, उत्तरकार्य, गंधमुक्ती. अस्थी तापीत, जमलं तर तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला. सुतक कुणाला किती, ते नात्यावरून. मित्राला सुतक नसतं, पण तो खांदा देतो, दारावर जाऊन बसतो, त्यामुळे त्याचं अडत नाही.

अडतं ते ज्याचं दारच कधी पाहिलं नाही त्याच्या बाबतीत. पोरगा चोपड्याचा, मित्र लखनौचा, ओळख फक्त मोबाइलवरच्या ऑनलाइन गेममधली. रोज रात्री कानात त्याचा आवाज, ‘नॉक झालो, रिवाइव दे’, म्हणजे पडलो, उठव. तो गेल्याचं कळतं आणि घरात प्रश्न येतो, “तो तुना कोन लागस?” स्क्वॉडमधला, म्हणजे गेममधल्या आपल्या गटातला होता, हे उत्तर आजीला काय सांगणार?

लांबचं मरण आपल्याला नवं नाही. कामधंद्यासाठी सुरतेला, उधना-लिंबायतला गेलेली माणसं गावोगावची आहेत. तार आली की वाचायच्या आधीच रडारड व्हायची. मयताची खबर देणारं, कोपरा फाडलेलं कार्ड बाहेरच वाचून फाडून टाकायचे, घरात न्यायचे नाहीत. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद पडली. फोन होतेच, कुणाचं काही बिघडलं नाही. कारण निरोप कुणाकुणाला द्यायचा, हे मयताच्या घरच्यांना पाठ असायचं. गेममधल्या दोस्तीत नेमकं हेच नसतं. घरच्यांना तुम्ही माहीतच नसता.

अनेकांनी एकत्र खेळायचे ‘मड’ नावाचे संगणकी खेळ १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात सुरू झाले. नुसत्या अक्षरांचे खेळ, चित्र नाही. अशाच एका खेळात, लेजंडमडमध्ये, १९९८ साली कॅरिन नावाची नॉर्वेची खेळाडू अपघातात गेल्याची बातमी आली. सोबत्यांनी खेळातच तिच्या आठवणीचं झाड लावलं. पुढे शोध घेणाऱ्यांना त्या अपघाताचा माग लागला नाही. बातमी बनावट असावी असंच आता मानतात. रडणाऱ्यांचं रडणं मात्र खरं होतं, आणि त्यात त्यांना मूर्ख ठरवायचं मला काही कारण दिसत नाही.

२००६ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये एका खेळाडूच्या मृत्यूनंतर तिचे सोबती गेममधल्याच बर्फाळ तळ्याकाठी श्रद्धांजलीला जमले, तर दुसऱ्या गटाने येऊन सगळ्यांची पात्रं कापून काढली आणि त्याचा व्हिडिओही टाकला. खेळाच्या नियमात ते बसत होतं म्हणे. बसत असेल! आपल्याकडे मयतीला वैरीही येऊन उभा राहतो.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण पुन्हा नॉर्वेचंच. मॅट्स स्टीन, स्नायू झिजवणारा डुशेन हा आजार, २०१४ साली पंचविशीत गेला. आईवडिलांना वाटायचं, पोरगं एकटंच खोलीत बसून खेळलं. त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड वडिलांकडे होता. त्यांनी तिथे तो गेल्याच्या चार ओळी लिहिल्या आणि गेममधल्या सोबत्यांचे देशोदेशींहून ईमेल येऊ लागले. काही जण अंत्यविधीलाही पोहोचले. एक पासवर्ड नसता तर दोन्हीकडचे अंधारात राहिले असते.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. २०१६ साली जिओ, मग स्वस्त डेटा, २०१८ साली पबजी मोबाइल. रात्री गच्चीवर उकाड्यात पोरं खेळायला लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारची त्यावर बंदी जाहीर झाली, ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. बीजीएमआय नावाने गेम परतला तो २ जुलै २०२१ रोजी. आता मधला काळ पाहा: एप्रिल-मे २०२१, करोनाची दुसरी लाट. काही जण दुसऱ्या गेमकडे वळले होते, बाकीच्यांचा संपर्कच तुटलेला. जुलैत मंडळी परत लॉबीत, म्हणजे खेळाआधी जमायच्या जागी आली, त्यात काही आयडी आलेच नाहीत. कुणी फोन बदलला, कुणी नोकरीला लागला, कुणाचं मन उडालं, कुणी गेला. फ्रेंडलिस्ट फक्त शेवटचा कधी ऑनलाइन होता तेवढं सांगते.

अशा, समाजाच्या हिशेबात न बसणाऱ्या दुःखावर अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, नात्याला मान्यता नसली की दुःख कमी होत नाही, ते सांगायची सोय तेवढी जाते. सोय आपल्याकडेही अगदीच नाही असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घागर भरतो, आगारी म्हणजे निखाऱ्यावर घास टाकतो ती घरच्या पितरांना. पण पितृपक्षातल्या महालयाच्या तर्पणात नातेवाईक संपल्यावर गुरू, शिष्य येतात आणि सखाही येतो. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. गुरुजी नाव मात्र विचारतात. म्हणून माझं पोरांना सांगणं एवढंच: ज्याच्याशी रोज खेळता त्याचं खरं नाव, गाव आणि घरचा एक फोन नंबर लिहून ठेवा, आणि आपला त्याला द्या.