हरिहर गडाची चढाई

हरिहर ऊर्फ हर्षगड हा नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबक रांगेतला सुमारे १,१२० मीटर उंचीचा गिरिदुर्ग. गोंडा घाटाच्या पहाऱ्याचा हा गड १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. त्या मोहिमेत कित्येक गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या गेल्या, पण येथील पायऱ्या वाचल्या. आज गर्दी होते ती त्यांच्यासाठीच.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे २८ कि.मी. गड तेथून पश्चिमेला. पायथ्याच्या निरगुडपाडा गावातून पायऱ्यांच्या तळाशी पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. पायथ्याच्याच हर्षेवाडीची वाट जवळची आणि सोपी. दोन्ही वाटा कातळाखालच्या माचीवर मिळतात. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे.

पायऱ्यांचा पहिला टप्पा दुरून सरळ भिंतीसारखा दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी हाताच्या खोबण्या कोरलेल्या आहेत, आणि बोटे आत नीट रुतवली की तोल जात नाही. दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम टेकलेले ठेवायचे, चौथा हलवायचा. हातात मोबाइल, काठी किंवा बाटली असेल तर हा नियम पहिल्याच पायरीला मोडतो. खोबणीत हात घालण्याआधी आत डोकावावे; पावसाळ्यात तिथे पाणी, शेवाळ, क्वचित विंचूही असतो.

महादरवाजानंतर कड्याच्या पोटात कोरलेली आडवी, ठेंगणी वाट लागते. इथे वाकून चालावे लागते आणि उंच सॅक छताला घासून माणसाला दरीकडे ढकलते. सॅक लहान, पाठीला घट्ट बांधलेली हवी. पुढचा टप्पा अरुंद व वळणाचा असून पायऱ्याही उंच आहेत. त्याची चर्चा कमी होते, पण नवखे बहुधा इथेच थबकतात.

माथ्यावर हनुमान व महादेवाची ठिकाणे, तळे आणि बुटक्या दाराची दगडी कोठी आहे. माकडे खाऊच्या पिशव्या हिसकावतात, म्हणून डबा पायऱ्यांजवळ उघडू नये.

खरी कसोटी उतरताना. तोंड दरीकडे करून उतरले की टाच पायरीवर पुरती बसत नाही आणि नजर खोल जाते. त्यासाठी शिडी उतरावी तसे कातळाकडे तोंड करून, पाय चाचपत यावे. वरचा उतरत असताना खालच्याने चढू नये, कारण ओलांडायला जागाच नाही. शनिवार-रविवारी याच कारणाने पायऱ्यांवर ताटकळत उभे राहावे लागते आणि थकलेल्या पायांना कापरे भरते. सकाळी आठच्या आत पायऱ्या गाठणे हा त्यावरचा साधा उपाय.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातील हिरवाईचे फोटो लोभावतात, पण ओल्या कातळावर बुटांची पकड सुटते आणि धुक्यात खालचा माणूस दिसत नाही. गर्दीच्या दिवसांत वनविभाग प्रवेशावर निर्बंध घालू शकतो. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

गडाचा ‘स्कॉटिश कडा’ हे वेगळेच प्रकरण आहे. ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी तो १९८६ मध्ये सर केला, त्यावरून हे नाव पडले. दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा सुरक्षापट्टा) आणि प्रस्तरारोहणाचा सराव नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.