लॉनच्या पोटातल्या गाठी

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपण जे उटणं लावतो, त्यात नागरमोथा असतो. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या मुळांशी धरणाऱ्या काळपट, सुवासिक गाठी. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या लॉनमध्ये खुरपं घेऊन बसलो, तेव्हा मातीतून अगदी तोच वास आला. दोन पाट्या लव्हाळा उपटला आणि मोठ्या समाधानानं उठलो. पंधरा दिवसांनी त्याच जागी आधीपेक्षा दाट लव्हाळा डोलत होता.

चूक खुरप्याची नव्हती, माझ्या अर्धवट माहितीची होती. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन धारा लागतात. जमिनीखाली बारीक आडव्या दोऱ्यांवर त्याच्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. माळेतली एखादी गाठ फुटली की ती शेजारच्या गाठींना दाबून ठेवते, झाडाचा शेंडा खालच्या कोंबांना दाबतो तसं. खुरप्यानं माळ तुटली की निजलेल्या गाठी सुट्या होतात आणि जाग्या होऊन कोंब काढतात. बियांवर या तणाची फारशी भिस्त नसते, सगळा संसार गाठींवरच. 1977 साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला नंबर लव्हाळ्यालाच मिळाला.

आता यातली गंमत पाहा. त्याच क्रमवारीत वरच्या पंगतीत हरळीही बसलेली आहे. वावरातली हरळी काढता काढता शेतकऱ्याची कंबर मोडते, आणि तिचीच निवडलेली बारीक जात आपण नर्सरीतून पैसे मोजून आणून अंगणात अंथरतो. म्हणजे लॉन राखायचं तर एका तणाची बाजू घेऊन दुसऱ्याशी भांडायचं!

या भांडणात हरळीला मदत करण्याचा पहिला मार्ग म्हणजे तिला हजामतीसारखं तासून न काढणं. तीन-चार सेंटिमीटर उंच, दाट गवताखाली लव्हाळ्याच्या कोवळ्या कोंबाला ऊन कमी मिळतं, आणि सावली त्याला मुळीच मानवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चिकाटी. गाठीतल्या साठ्याचा मोठा भाग पहिलाच कोंब वाढवण्यात खर्च होतो. पाच-सहा पानांवर आलेलं रोप नव्या गाठी धरू लागतं. त्याआधीच ते काढायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा काढायचं. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी. महिन्यातून एकदा जोर लावण्यापेक्षा हे बरं. काढलेल्या गाठी कंपोस्टात टाकू नका. गच्चीवर कडक उन्हात पार वाळू द्या, मग त्या मरतात. नवी लाल माती आणाल तेव्हा ती आधी चाळून घ्या, कारण पुष्कळदा लव्हाळा त्या मातीतूनच घरात येतो.

उसातल्या लव्हाळ्यासाठी शेतकरी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं तणनाशक वापरतात. ते पानातून गाठीपर्यंत उतरतं आणि काही अमिनो आम्लं बनवणारं वनस्पतीचं एक विकर बंद पाडतं. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. पोरं लोळतात त्या लॉनवर मी ते वापरणार नाही. तरीही वापरायचंच असेल तर कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या आणि डब्यावरची सूचना शब्दशः पाळा. ग्लायफोसेट मात्र नकोच, त्यात लव्हाळ्यासोबत हरळीही जळते.

आंबुशी, दुधी, एकदांडी ही रुंद पानांची मंडळी त्यामानानं गरीब. फुलं येण्याआधी ओल्या मातीतून उपटली की बहुतेक काम झालं.

सप्टेंबरच्या सुमारास लॉन पाणी देऊनही ठिकठिकाणी पिवळं पडलं, तर गवत मुठीत धरून ओढून पाहा. सतरंजीसारखं उचलून आलं तर खाली हुमणी आहे. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची ही भुंगेऱ्याची अळी मुळं कुरतडते. साळुंक्या एकाच जागी टोचत असतील तर त्यांना ती तुमच्या आधी सापडलीय असं समजा. साधारणपणे एका चौरस फुटात पाच-सहाहून जास्त अळ्या असतील तरच काळजी करायची.

पण सप्टेंबरपर्यंत अळी मोठी आणि चिवट झालेली असते. खरी वेळ वळवाची. पहिली सर पडली की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर गोळा होतात. फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकायचे. मादी अंडी घालण्याआधी सापडली तर पुढची पिढीच टळते. उशीर झाला असेल तर मेटारायझियम ही बुरशी ओल्या मातीत मिसळा. ती अळीच्या कातडीतून आत शिरते आणि मेलेल्या अळीवर हिरवट थर चढतो.

शेणखताच्या ढिगात जाड पांढरी अळी दिसली की लोक हुमणी म्हणून ठेचतात. तिला आधी फरशीवर ठेवून पाहा. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली, तर ती फुलभुंगेऱ्याची अळी. कुजका पाला खाऊन खत करणारी. तिला परत ढिगात सोडा.