एका & मुळे अख्खी फाइल का उघडत नाही?

वर्डची फाइल उघडली नाही की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "व्हायरस आला असणार." मग कुणी अँटिव्हायरस टाकतं, कुणी थेट फॉरमॅट मारायला निघतं. व्हायरसने फायली जातात हे खरंय, पण सॉफ्टवेअरने आपोआप बनवलेली फाइल, म्हणजे सोसायटीचं बिल किंवा लॅबचा रिपोर्ट, उघडत नसेल तर आधी त्यात कुठे & आलाय का ते बघा.

वर्डची डॉकएक्स फाइल ही खरं तर झिप फाइल असते, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेलं गाठोडं. कॉपी काढा, नावाच्या शेवटी डॉकएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल (खुणा लावून मजकूर साठवायची पद्धत) फाइल, आणि तिच्यात तुमचा सगळा मजकूर. तो < आणि > अशा खुणांच्या मधे ठेवलेला असतो, < दिसलं की प्रोग्राम समजतो की खूण सुरू झाली. आता मजकुरातच "हिमोग्लोबिन < 12" असेल तर? म्हणून तिथे < न लिहिता &एलटी; असा कोड लिहितात (फाइलीत अक्षरं इंग्रजी असतात). यालाच एस्केपिंग म्हणतात. पण आता & म्हणजे "कोड सुरू" असा अर्थ झाला, त्यामुळे साध्या & ला पण कोड लागतो, &एएमपी;.

खरी मजा क्रमात आहे. आधी < बदललं आणि नंतर & बदलायला घेतला, तर आत्ताच बनवलेल्या &एलटी; मधला & पण बदलला जातो आणि रिपोर्टवर "हिमोग्लोबिन &एलटी; 12" असं छापून येतं. म्हणून & नेहमी पहिला. आणि हे काम एकदाच करायचं, दोन प्रोग्रामनी दोनदा केलं की बिलावर "पाटील &एएमपी; सन्स" दिसतं.

बरं, एस्केप करायचंच राहिलं तर? ब्राउझर चुकलेलं वेबपेज अंदाजाने दाखवतो, एक्सएमएलमध्ये अंदाजाला परवानगीच नाही. 1998 च्या एक्सएमएल 1.0 चा नियमच आहे की अशी चूक सापडली की नेहमीसारखं वाचन तिथेच थांबवायचं, मग पानं दोन असोत की दोनशे.

काही कॅरेक्टर तर कोड देऊनही चालत नाहीत. 0 ते 31 नंबरच्या कंट्रोल कॅरेक्टरपैकी (पडद्यावर अक्षर म्हणून न दिसणाऱ्या खुणा) फक्त 9, 10 आणि 13 चालतात, म्हणजे टॅब आणि ओळ बदलायची दोन. वर्डमध्ये शिफ्ट-एंटर मारलेल्या जागेचा मजकूर मॅक्रोने (वर्डमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) उचलला की तिथे 11 नंबर येतो, तो तसाच एक्सएमएलमध्ये गेला की फाइल गेली. एक्सेलने यावर आपली वेगळी पळवाट काढलीय, तिथे 11 ला _एक्स000बी_ असं लिहितात, आणि कुणी सेलमध्ये खरोखर तेवढीच अक्षरं टाइप केली तर पहिल्या अंडरस्कोअरला _एक्स005एफ_ करावं लागतं, म्हणजे एस्केपचंच एस्केप!

"एआयने एका क्लिकवर रिपेअर" वाल्या साइटवर आपले कागद चढवू नका. ती एक्सएमएल फाइल झिपमधून बाहेर काढून ब्राउझरमध्ये उघडा, चुकीची ओळ आणि कॉलम नंबर (ओळीतलं कितवं अक्षर) तो स्वतः सांगतो. बहुतेक वेळा सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत असतो, त्यामुळे कॉलम नंबरच कामाचा. नोटपॅडमध्ये तिथला & दुरुस्त करा आणि फाइल त्याच झिपमध्ये त्याच जागी परत टाका, बाहेरचं फोल्डर नव्याने झिप करू नका, नाहीतर वर्डला आतला रस्ता सापडत नाही. शेवटी नावात झिपऐवजी परत डॉकएक्स लिहा.