दप्तर : निवड व वापर

शाळकरी मुलांनी पुस्तके, वह्या, डबा व पाण्याची बाटली नेण्यासाठी पाठीवर घ्यायची पिशवी. कोल्हापूर परिसरात दोन पट्ट्यांच्या दप्तराला ‘सॅक’ असेही म्हणतात. पूर्वी खांद्यावर तिरकी अडकवायची एका बंदाची कापडी पिशवी सर्रास असे. खेड्यांत खताच्या रिकाम्या पोत्याची घरी शिवलेली पिशवीही चाले. दोन पट्ट्यांचा प्रकार साधारणतः विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला असावा.

वजनाची मर्यादा : भरलेले दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे, असा महाराष्ट्र शासनाचा जुलै २०१५ मधील निर्णय आहे. केंद्राच्या २०२० च्या धोरणातही हेच प्रमाण असून पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किग्रॅ., तर नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किग्रॅ. अशी मर्यादा दिली आहे. १० टक्क्यांच्या या मर्यादेच्या वैद्यकीय आधाराबद्दल मात्र एकमत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १० ते २० टक्के असा सैल पल्लाही दिलेला आहे. १५ ते २० टक्के भार घेऊन चालताना मुलांचे धड पुढे झुकते, असे चालीच्या मोजमापांत आढळते. परंतु झुकणे म्हणजे इजा नव्हे. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ६९ अभ्यासांच्या आढाव्यात दप्तराचे वजन वा रचना आणि मुलांची पाठदुखी यांचा खात्रीशीर संबंध दिसला नाही. दप्तर जड ‘वाटणे’ व पाठदुखी यांचा संबंध त्यातील काही अभ्यासांत दिसला. दप्तरामुळे कण्याला कायमची वक्रता येते, या समजालाही भक्कम पुरावा नाही. त्यामुळे १० टक्के हा आकडा इजेची सीमारेषा न मानता सावधगिरीचा प्रशासकीय दंडक मानणे अधिक सयुक्तिक. तो पाळावा हे योग्यच. पण मूल ‘जड होतंय’ म्हणत असेल, तर काट्यावरच्या आकड्यापेक्षा त्याचे ऐकावे.

पहिलीतील २० किग्रॅ. वजनाच्या मुलाला या हिशेबाने २ किग्रॅ. दप्तर चालते. त्यात एक लिटरची भरलेली बाटलीच सुमारे किलोभर भरते. शाळेत पिण्याच्या पाण्याची खात्रीची सोय असेल, तर लहान बाटली देणे हा वजन घटवण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

निवड : जूनमध्ये कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील बाजारात खरेदी करताना मुलाला सोबत न्यावे. ‘पुढची दोन वर्षं चालेल’ म्हणून घेतलेले मोठे दप्तर कमरेखाली लोंबते आणि खांदे मागे ओढते. रुंदी पाठीइतकीच, वरची कड खांद्यांच्या रेषेत व तळ कमरेखाली चार बोटांपेक्षा जास्त न उतरणारा असावा. पट्टे रुंद, गादीदार व लांबी कमीजास्त करता येणारे हवेत. चाकांची दप्तरे जिन्यावर धोक्याची असल्याने २०२० च्या धोरणाने ती नाकारली आहेत.

वापर : दोन्ही पट्टे खांद्यांवर घेऊन दप्तर पाठीला चिकटेल इतके आवळावेत. जाड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात ठेवावीत. के.एम.टी.त (कोल्हापूरची शहर बस) किंवा वडापात (प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी) उभे राहावे लागल्यास दप्तर उतरवून पायांशी घ्यावे. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाच्या पाठीवर जड दप्तर असू नये. गाडी झटक्यात सुटली की ते मुलाला मागे खेचते. गगनबावडा, राधानगरीकडच्या मुसळधार पावसात भिजलेले कापड व वह्या वजन वाढवतात, म्हणून पुस्तके आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणे बरे.

दप्तर उतरवल्यावर खांद्यांवर लाल वळ दिसल्यास पट्टे व वजन तपासावे. हाताला मुंग्या वा बधिरपणा येत असेल, तर पट्ट्याचा मज्जातंतूंवर दाब पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी दप्तर घेणे थांबवून मुलाला डॉक्टरांना दाखवावे.