सर्जिओ लिओनेची अमेरिका रोममधे कशी तयार झाली

लिओने म्हटलं की आपल्याला धूळ, घोडे आणि सिगार चावणारा क्लिंट ईस्टवुड आठवतो, पण हा डायरेक्टर पक्का रोमचा, जन्म 1929 चा. सिनेमा घरातच होता. वडील विन्चेंझो मूकपटांचे डायरेक्टर, रोबेर्तो रोबेर्ती नावाने काम करायचे, आई ॲक्ट्रेस.

महायुद्धानंतर हॉलिवूडवाले रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत यायला लागले, कारण तिथे खर्च कमी आणि इटलीत कमावलेला पैसा सरकार बाहेर नेऊ देत नव्हतं, मग तिथेच खर्च करा. लिओनेचं ट्रेनिंग त्यातच झालं, 'बेन हर'सारख्या अवाढव्य प्रॉडक्शनवर असिस्टंट म्हणून. त्याच्या नावावरचा पहिला सिनेमा 1961 चा, तोही रोमन-ग्रीक तलवारबाजीवाला. पुढे ती लाट ओसरली, जर्मन वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकीवाले सिनेमे, युरोपात चालायला लागले, आणि इटालियन प्रोड्यूसर तिकडे वळले.

1964 मधे 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला. शूटिंग स्पेनमधे, हिरो अमेरिकन टीव्हीवरचा ईस्टवुड, 15,000 डॉलर्समधे मिळालेला, आणि डायरेक्टरचं नाव काय तर बॉब रॉबर्टसन, म्हणजे अमेरिकन वाटायला अमेरिकन आणि वडिलांच्या नावाला सलामही. गोष्ट मात्र जपानी डायरेक्टर कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून सरळ उचललेली, परवानगी वगैरे काही नाही. केस झाली, कमाईतला 15 टक्के हिस्सा द्यावा लागला आणि अमेरिकेत सिनेमा लागायला 1967 उजाडलं. लिओने म्हणायचा मूळ कथा जुन्या इटालियन नाटकातली आहे, पण दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघा, मला तरी ते पटत नाही.

म्युझिकचं काय सांगावं! संगीतकार एन्यो मोरिकोने लिओनेचा प्राथमिक शाळेतला वर्गमित्र निघाला. मोठ्या ऑर्केस्ट्राला पैसे नव्हते म्हणून शिट्टी, चाबूक, बंदुकीचे आवाज वापरले आणि तीच स्टाईल झाली. 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं म्युझिक तर आधी तयार करून सेटवर वाजवायचे. त्यातलं सगळं कुटुंब गोळ्या घालून संपवण्याचा सीन आठवा आणि मग 'शोले'तलं ठाकूरचं घर आठवा, वेगळं सांगायला नको.

'गॉडफादर'ची ऑफर त्याने सोडली, स्वतःच्याच गँगस्टर सिनेमासाठी, 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'साठी. तो आला थेट 1984 ला, फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला 229 मिनिटांचा दाखवला, अमेरिकन डिस्ट्रिब्युटरने 139 वर आणला, वर सीनही सरळ क्रमाने लावून टाकले. तिकडे आपटला, साहजिकच. 1989 मधे लिओने हार्ट अटॅकने गेला तेव्हा दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यावरच्या सिनेमाची तयारी चालू होती.