च्यायी शहर हे च्यायी काउंटीचे मुख्यालय नाही

तैवानच्या नैऋत्य भागातील च्यायी शहर हे च्यायी काउंटीचे मुख्यालय असून त्याचा कारभार काउंटीच्या अखत्यारीत चालतो, असा मजकूर बरीच वर्षे फिरत आहे. दोहोंचे नाव एकच असल्याने आणि शहर चहूबाजूंनी याच काउंटीने वेढलेले असल्याने तसा समज होणे स्वाभाविक आहे. शिवाय एके काळी ते खरेही होते.

१९३० साली, जपानी राजवटीत, च्यायीला शहराचा दर्जा मिळाला. १९४५ नंतर ते थेट प्रांताच्या अखत्यारीतील शहर होते. मात्र १९५० च्या फेररचनेत त्याची पायरी उतरली आणि ते नव्या काउंटीतील एक शहर बनले. प्रचलित समज या काळाचे वर्णन करतो. १ जुलै १९८२ रोजी च्यायीला जुना दर्जा परत मिळाला. तेव्हापासून ते काउंटीच्या बरोबरीचे स्वतंत्र एकक आहे. काउंटीचे मुख्यालय मात्र शहरातून लगेच हलले नाही, ते १९९१ मध्ये पश्चिमेकडील ताइबाओ येथे गेले, आणि गैरसमज टिकण्यास हा विलंबही कारणीभूत असावा.

पडताळणी सोपी आहे. नकाशात शहराची सीमा काउंटीपासून वेगळी दिसते, आणि जेमतेम ६० चौरस किलोमीटरच्या या शहराचे पूर्व व पश्चिम असे दोनच विभाग आढळतात. शहरातील मतदार स्वतःचा महापौर निवडतात, काउंटीप्रमुखाच्या निवडणुकीत त्यांना मत नसते. प्रवाशांसाठी आणखी एक खूण आहे: अतिजलद रेल्वेचे च्यायी स्थानक शहरात नसून ताइबाओमध्ये आहे.