शिपायाचं नाव दगडावर कधी आलं?

युद्धस्मारक म्हटलं की नावांनी भरलेली भिंत डोळ्यांसमोर येते. पण साध्या शिपायाचं नाव कोरायची ही रीत फार जुनी नाही. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) सैनिक शेकड्यांनी कोरलेत, पण सगळा गौरव सम्राटाचा. पॅरिसची विजयकमान १८३६ मध्ये पुरी झाली. तिच्यावर नावं आहेत, तीही मुख्यतः सेनापतींची.

स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचं सिंहशिल्प १८२१ चं. पॅरिसचा राजवाडा राखताना १७९२ मध्ये मारल्या गेलेल्या स्विस शिपायांसाठी डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसननं ते कल्पिलं. कड्यातच कोरलेला सिंह, अंगात रुतलेलं भाल्याचं टोक, मिटत चाललेले डोळे. इथं विजय नाही, फक्त मरण आहे, आणि त्या काळात हे नवीन होतं. तरी खाली नावं अधिकाऱ्यांचीच. शिपायांचा नुसता आकडा, ७६०.

खरा बदल पहिल्या महायुद्धानं घडवला. ब्रिटिश साम्राज्यानं १९१७ मध्ये युद्धकबरींसाठी आयोग नेमला. हुद्दा कोणताही असो, थडग्याचा दगड सारखाच, असं त्यानं ठरवलं. ज्यांचा देहच सापडला नाही, त्यांची नावं स्मारकांवर घ्यायची. बेल्जियममधल्या ईपर गावच्या मेनिन गेटवर (१९२७) ५४ हजारांवर नावं कोरली, तरी भिंती पुरल्या नाहीत. उरलेली सुमारे ३५ हजार जवळच्या टाइन कॉट स्मशानभूमीत गेली.

समानतेचं हे तत्त्व सगळ्यांच्या वाट्याला मात्र आलं नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आली, भारतीय शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली. किमान १ लाख १६ हजार जणांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या माणसांची, नावानिशी नोंदच झाली नाही, हे त्याच आयोगाच्या वारसदार संस्थेनं २०२१ मध्ये मान्य केलं. शंभर वर्षं लागली त्याला. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट हीच.

पुढचं मोठं वळण वॉशिंग्टनमधलं, १९८२ चं. व्हिएतनाम स्मारकाची स्पर्धा माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीनं जिंकली होती. पुतळा नाही, घोडा नाही. जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर ५८ हजारांवर नावं. विरोध एवढा झाला, की १९८४ मध्ये शेजारी तीन सैनिकांचं शिल्प उभारावं लागलं. पण माणसं येतात ती भिंतीशीच. कागद लावून पेन्सिल घासतात आणि आपल्या माणसाचं नाव उतरवून घरी नेतात. नावं हुद्द्यानं किंवा अक्षरानं लावलेली नाहीत, मृत्यूच्या क्रमानं आहेत. त्यामुळे एकाच दिवशी पडलेले सोबती भिंतीवरही शेजारी सापडतात. प्रत्येक नावापुढे खूण आहे: मृत्यू नक्की असेल तर पत्त्यांतल्यासारखी चौकट, बेपत्ता असेल तर फुली. एखाद्या बेपत्ताचे अवशेष सापडून ओळख पटली, की त्या फुलीवर चौकट कोरतात.